मुक्त मूलकांचे जनक : मोझेस गोम्बर्ग

या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून एखाद्या राजाचे, लढ्याचे अथवा समाजसुधारकाचे चरित्र अपेक्षित असावे. आम्ही मात्र एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र निवडले आहे. याला कारण आहे. विज्ञानाच्या प्रयोगवहीत आलेले उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळले नाही, की ते खोडरबराने पुसून तेथे पुस्तकातला आकडा लिहिणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या विद्यार्थिदशेत आम्हीही हेच केले आहे, हे प्रांजळपणे नमूद करतो. पूर्ण गुण मिळत, शाबासकीही मिळे. परंतु आपण मोजले काय आणि लिहिले काय, याचा सल पुढे कित्येक वर्षे राहिला. मोझेस गोम्बर्ग यांची हकीकत प्रौढपणी वाचनात आली तेव्हा तो सल पुन्हा जागा झाला. न जुळणारा आकडा ज्यांनी खोडला नाही, अशा माणसाचे हे चरित्र आहे. आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना व पालकांना ते परिचयाचे व्हावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

मोझेस गोम्बर्ग यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८६६ रोजी रशियन साम्राज्यातील एलिझावेतग्राद या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज युक्रेन देशात असून त्याचे नाव क्रोपिव्हनित्स्की असे आहे. त्या काळच्या रशियात ज्यूंनी कोठे राहावे, कोणता व्यवसाय करावा, यावर कायद्याची बंधने होती. जन्मावरून माणसाची जागा ठरविणारी व्यवस्था ही केवळ आपल्याच देशात होती असे नाही. तिची रूपे निरनिराळी असतात, पण तिचा जाच सोसणाऱ्यास तो सारखाच ओळखू येतो. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्या हत्येचा राग ज्यूंवर काढण्यात आला आणि त्या वर्षीच्या दंगलींची पहिली ठिणगी एलिझावेतग्रादमध्येच पडली. घरे व दुकाने लुटली गेली. मोझेस तेव्हा पंधरा वर्षांचे होते व गावातील माध्यमिक विद्यालयात शिकत होते. पुढच्याच वर्षी सरकारने दंगलखोरांना आवर घालण्याऐवजी ज्यूंवरील निर्बंध अधिक कडक केले.

१८८४ साली त्यांच्या वडिलांवर झारविरोधी कटात सामील असल्याचा आरोप आला. मालमत्ता जप्त झाली. कुटुंबाला देश सोडून अमेरिकेतील शिकागो शहर गाठावे लागले. अठरा वर्षांच्या मोझेसच्या मागे सहा वर्षांचे माध्यमिक शिक्षण होते, पुढे मात्र नवा देश आणि नवी भाषा होती. शिकागो हे तेव्हा मांसाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. तेथील गुरांच्या विस्तीर्ण आवारांत आणि कत्तलखान्यांच्या परिसरात बाप-लेकांनी अंगमेहनतीची कामे केली. त्या कामाची घाण, दुर्गंधी आणि थकवा यांचे वर्णन आमच्या वाचकांसमोर करण्याची गरज नाही. मेलेली गुरे ओढणे, कातडी सोलणे ही कामे ज्यांच्या पिढ्यांवर लादली गेली, त्यांना ते सांगावे लागत नाही.

असे काम करीत असताना त्यांनी शिकागोमध्येच शालेय शिक्षण पूर्ण केले आणि १८८६ साली अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात प्रवेश मिळविला. तेथील एक हकीकत सांगितली जाते. भौतिकशास्त्राच्या वर्गात बसू द्यावे, अशी विनंती घेऊन ते प्राध्यापकांकडे गेले. त्रिकोणमिती झाली आहे काय, असे प्राध्यापकांनी विचारले. त्रिकोणमिती म्हणजे काय, हेच त्यांना ठाऊक नव्हते. ती शिकल्याविना या वर्गात निभाव लागणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ते परत गेले, पुस्तक मिळविले, आपले आपण तो विषय शिकले आणि पुन्हा प्राध्यापकांसमोर उभे राहिले. परीक्षा घेतल्यावर प्राध्यापकांची खात्री पटली. तयारी नसल्याचे कबूल करण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही, आणि तयारी नाही म्हणून दाराशी थांबूनही राहिले नाहीत. आमच्या मते या हकीकतीचे मोल यातच आहे.

१८९० साली ते पदवीधर झाले, १८९२ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १८९४ मध्ये डॉक्टरेट मिळाली. अल्बर्ट प्रेस्कॉट हे त्यांचे मार्गदर्शक. प्रबंधाचा विषय चहा-कॉफीतील कॅफीन व त्यापासून बनणारे पदार्थ हा होता. विद्यापीठातच त्यांना अध्यापनाची नोकरी मिळाली. त्या काळी रसायनशास्त्राची राजधानी म्हणजे जर्मनी. १८९६-९७ मध्ये रजा घेऊन ते तेथे गेले. म्यूनिक येथे अडोल्फ फोन बायर आणि योहानेस थीले यांच्याकडे, तर हायडेलबर्ग येथे व्हिक्टर मायर यांच्याकडे त्यांनी काम केले.

येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. सर्व सजीवांचे शरीर ज्या संयुगांचे बनलेले असते त्यांचा कणा कार्बन हा अणू होय. कार्बनला चार हात असतात आणि ते चारही कोणत्या ना कोणत्या अणूच्या हातात गुंतलेले असतात, हा नियम केकुले यांच्या काळापासून, म्हणजे १८५८ पासून, रसायनशास्त्राचा पाया मानला जात होता. एखादा हात मोकळा असलेल्या अणुसमूहास मुक्त मूलक म्हणतात. असे मूलक वेगळे काढण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाले होते. फ्रँकलंड आणि कोल्बे यांना ते सापडल्यासारखे वाटलेही. परंतु दोन मूलके एकमेकांचा हात धरून बसलेली आहेत, मुक्त कोणीच नाही, असे नंतर सिद्ध झाले. तेव्हापासून कार्बनचे मुक्त मूलक अस्तित्वात असूच शकत नाही, अशी जाणकारांची ठाम समजूत होऊन बसली.

गोम्बर्ग यांना ही समजूत मोडावयाची नव्हती. त्यांचे उद्दिष्ट अगदी वेगळे होते. एका कार्बनच्या चारही हातांना बेंझीनपासून मिळणारे फेनिल गट जोडून टेट्राफेनिलमिथेन बनविण्याचे प्रयत्न त्यापूर्वी अनेक अनुभवी मंडळींनी केले होते व ते फसले होते. हायडेलबर्गमध्ये गोम्बर्ग यांनी ते बनविले. हाती आलेला पदार्थ फार थोडा होता, पण तो निःसंशय होता. अमेरिकेस परतल्यावर त्यांनी पुढची पायरी घेतली. दोन कार्बन एकमेकांस जोडलेले आणि त्यांच्या उरलेल्या सहा हातांवर सहा फेनिल गट, असे हेक्झाफेनिलइथेन त्यांना बनवावयाचे होते. त्यासाठी त्यांनी ट्रायफेनिलमिथेनपासून मिळणारी हॅलोजनयुक्त संयुगे घेतली आणि त्यांतील हॅलोजन धातूच्या साह्याने काढून घेण्याचा मार्ग पत्करला.

एक पांढरा, स्फटिकी पदार्थ मिळाला. आता तो हवा तोच आहे की नाही, हे तपासावयाचे होते. त्या काळी याचा मार्ग एकच : पदार्थाचे वजन करून तो ऑक्सिजनमध्ये जाळावयाचा, निर्माण झालेला कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाणी तोलावयाचे आणि त्यावरून कार्बन व हायड्रोजन यांचे प्रमाण काढावयाचे. हेक्झाफेनिलइथेनमध्ये कार्बन ९३.८३ टक्के असावयास हवा होता. प्रत्यक्षात आला ८७.९३ टक्के. हायड्रोजन जवळजवळ बरोबर होता. जवळपास सहा टक्क्यांची तूट होती.

आमचा या चरित्रातील मुख्य मुद्दा येथे येतो. पदार्थ अशुद्ध असेल, नीट जळला नसेल, असे म्हणून ही तूट झाकता आली असती. गोम्बर्ग यांनी तसे केले नाही. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. सोडियमऐवजी चांदी, चांदीऐवजी जस्त असे धातू बदलून पाहिले. पदार्थ तोच, तूटही तीच. दहा वेळा एकच उणीव येत असेल तर ती उणीव नसून माहिती आहे, हे त्यांनी ओळखले. कार्बन नाही आणि हायड्रोजनही नाही, तर उरलेले वजन ऑक्सिजनचेच असले पाहिजे. परंतु प्रयोगात घेतलेल्या कोणत्याही द्रव्यात ऑक्सिजन नव्हता. मग तो आला कोठून? उत्तर एकच उरले : हवेतून.

त्यांनी हवेस प्रवेश मिळणार नाही अशी उपकरणे तयार केली आणि कार्बन डाय-ऑक्साइडच्या वातावरणात सारी क्रिया घडवून आणली. आता बेंझीनमधील द्रावण पिवळे झाले आणि त्यातून मिळालेले स्फटिक पहिल्यापेक्षा अगदी निराळे निघाले. हवेचा स्पर्श होताच पिवळा रंग मावळे आणि पहिला पांढरा पदार्थ, म्हणजे पेरॉक्साइड, खाली बसे. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांच्याशीही हे द्रावण तत्काळ संयोग पावत असे. हेक्झाफेनिलइथेनसारखे भरल्या हातांचे संयुग स्वस्थ बसावयास हवे होते. हे तर जो भेटेल त्याचा हात धरीत होते. गोम्बर्ग यांनी निष्कर्ष काढला की येथे कार्बनला तीनच हात गुंतलेले आहेत व चौथा मोकळा आहे. १९०० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे जाहीर केले. लेखाच्या शेवटी, हे क्षेत्र आपल्यासाठी राखून ठेवण्याची इच्छाही त्यांनी व्यक्त केली. ज्याच्या कुटुंबाचे सर्वस्व एकदा हिरावले गेले, त्याला आपल्या कष्टाच्या शेतीला कुंपण घालावेसे वाटले, यात आम्हांस नवल वाटत नाही. परंतु ज्ञानाला कुंपण फार काळ टिकत नाही. थोड्याच वर्षांत देशोदेशीचे संशोधक त्या क्षेत्रात उतरले आणि त्यामुळेच ते क्षेत्र फुलले.

सुरुवातीस शंका घेणारे पुष्कळ होते. विरघळलेल्या पदार्थाचे रेणुभार मोजले असता बहुतेक मूलके जोडीने राहतात, मोकळी थोडीच असतात, असे दिसे. त्यामुळे वाद लांबला. १९१० मध्ये जर्मनीतील विल्हेल्म श्लेंक यांनी फेनिलऐवजी अधिक मोठे गट जोडून जवळजवळ पूर्णपणे मोकळे राहणारे मूलक बनविले, तेव्हा संशयाला जागा उरली नाही. एक गोष्ट मात्र गोम्बर्ग यांच्या हयातीत उलगडली नाही. दोन मूलके एकत्र येऊन हेक्झाफेनिलइथेनच बनते, असे अनेक दशके मानले जाई. त्या जोडीची रचना वेगळी असावी, असे याकोबसन यांनी १९०५ मध्येच सुचविले होते. १९६८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी नव्या उपकरणांनी तपासणी केली तेव्हा याकोबसन बरोबर ठरले. म्हणजे गोम्बर्ग ज्या पदार्थाच्या शोधात निघाले होते, तो त्यांच्या काचपात्रात कधीच नव्हता. तरीही त्यांचा मूळ निष्कर्ष अबाधित राहिला, कारण तो मोजलेल्या गोष्टींवर उभा होता.

१९०४ मध्ये ते प्राध्यापक झाले. १९१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने त्यांच्याकडे मस्टर्ड वायूच्या निर्मितीस लागणाऱ्या एका द्रव्याचे काम सोपविले. विषारी वायूंचे युद्ध त्यांना मनापासून नापसंत होते, तरी ते काम त्यांनी केले. पुढे सैन्याच्या शस्त्रसामग्री विभागात मेजर या हुद्द्यावर त्यांनी दारूगोळ्याविषयी सल्लागार म्हणून काम पाहिले. चरित्रलेखकाने अशी पाने गाळू नयेत, असे आम्हांस वाटते. ज्या देशाने आसरा दिला त्याची हाक आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांमध्ये सापडलेल्या माणसाचा तो पेच होता. करुणेचा मार्ग मानणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी त्यावर वर्गात अवश्य चर्चा करावी. तयार उत्तर आम्ही देत नाही.

१९२७ पासून १९३६ पर्यंत ते मिशिगन विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९३१ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. शिकागोच्या गुरांच्या आवारात राबलेला निर्वासित मुलगा त्या देशातील रसायनशास्त्रज्ञांच्या सर्वोच्च संस्थेच्या अध्यक्षस्थानी बसला. वर्नर बाखमन हे त्यांच्या नामवंत शिष्यांपैकी एक. गुरू-शिष्यांच्या जोडनावाने ओळखली जाणारी एक रासायनिक क्रिया आजही महाविद्यालयांत शिकविली जाते. गोम्बर्ग यांनी विवाह केला नाही. अ‍ॅन आर्बरमध्ये ते आपल्या बहिणीसह राहत. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. आपली मालमत्ता त्यांनी रसायनशास्त्र विभागास, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ठेवली.

त्यांच्या शोधाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याविना चरित्र पुरे होणार नाही. गोम्बर्ग आणि बाखमन यांनी १९२७ मध्ये मॅग्नेशियम व त्याचे आयोडाइड यांची क्रिया किटोन वर्गाच्या संयुगांवर करून पाहिली होती. तेथे धातूकडून एक इलेक्ट्रॉन रेणूकडे जातो आणि रेणू एकाच वेळी मूलक व ऋणभारित असा बनतो. अशा ऋणभारित मूलकास मूलक ऋणायन म्हणतात. श्लेंक यांनीही असे पदार्थ अभ्यासले होते. परंतु हवेच्या स्पर्शाने ते नाहीसे होत, त्यामुळे त्यांचा व्यवहारात उपयोग होईल असे कोणास वाटले नव्हते.

१९६० च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत टेट्रासायानोक्विनोडायमिथेन नावाचा पदार्थ तयार झाला. संक्षेपाने त्यास टीसीएनक्यू म्हणतात. त्याच्या टोकांवरील चार सायानो गट इलेक्ट्रॉनला इतक्या जोराने ओढून धरतात की बनलेले मूलक ऋणायन हवेतही टिकते. त्याचे लवण बनविणे फार अवघड नाही. टीसीएनक्यू गरम अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून त्यात लिथियम आयोडाइड मिसळले की आयोडाइड आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकते, आयोडीन मोकळे होते आणि लिथियमचे गडद रंगाचे लवण स्फटिकरूपाने वेगळे होते.

ते लवण तपासण्याचे मार्ग गोम्बर्ग यांच्या काळापेक्षा पुष्कळ वाढले आहेत. प्रथम आजही घटकांचे प्रमाण मोजतात. तराजू निवृत्त झालेला नाही. मग द्रावणातून प्रकाश पाठवून पाहतात. मूळ टीसीएनक्यू हे ऋणायन झाले असेल तर सुमारे ८४२ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश ते शोषून घेते. अवरक्त किरणांच्या तपासणीत सायानो गटाच्या कंपनांची वारंवारता किंचित उतरलेली दिसते. एकटा इलेक्ट्रॉन शोधण्यासाठी चुंबकीय क्षेत्रात ठेवून इलेक्ट्रॉन फिरत अनुनादाची पद्धत वापरतात. ही पद्धत १९४४ मध्ये काझान येथे झाव्होइस्की यांनी शोधली. ज्या भूमीतून गोम्बर्ग कुटुंबास परागंदा व्हावे लागले, त्याच भूमीने त्यांच्या मूलकांची साक्ष देणारे हे साधन जगाला दिले. शेवटी स्फटिकाची विद्युतवाहकता मोजतात. त्यावर चार तारा जोडतात. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन तारांमधील विभवांतर मोजतात, म्हणजे जोडणीचा अडथळा हिशेबात शिरत नाही. तापमान वाढविल्यावर धातूची वाहकता कमी होते, या लवणांपैकी बहुतेकांची वाढते. हीच अर्धसंवाहकाची खूण. स्फटिकात हे चपटे रेणू चळतीने एकावर एक रचलेले असतात आणि इलेक्ट्रॉन त्या चळतीतून वाट काढीत जातो. १९७३ मध्ये टीसीएनक्यूची टेट्राथायाफुल्व्हालीन या पदार्थाशी जोडी जमविली असता तर जवळजवळ धातूसारखी वाहकता आढळली. कार्बनची संयुगे म्हणजे वीज अडविणारे पदार्थ, हा शतकभराचा समज त्यामुळे मोडला.

हे सारे १९०० च्या त्या सहा टक्क्यांच्या तुटीपासून सुरू झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सन २००० मध्ये, शोधास शंभर वर्षे झाली तेव्हा, अमेरिकन केमिकल सोसायटीने मिशिगन विद्यापीठात त्याचे राष्ट्रीय स्मारक म्हणून गौरव-चिन्ह बसविले.

परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले अथवा गुरूने म्हटले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावी, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण आपल्या विद्यालयात नित्य सांगितली जाते. प्रयोगशाळेत तिचा अर्थ काय, हे गोम्बर्ग यांच्या चरित्रावरून कळते. आमची आमच्या विद्यार्थ्यांना विनंती आहे की प्रयोगवहीत आलेला आकडा आला तसाच लिहावा. तो पुस्तकाशी न जुळल्यास प्रयोग पुन्हा करावा, आणि पुन्हा तोच आला तर शिक्षकांपाशी येऊन कारण विचारावे. पालकांना व सहकारी शिक्षकांना विनंती एवढीच, की असे विचारीत येणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत. आमचे गुण कोणी कापले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. त्याची खंत आम्हांस आजही आहे.